हेमांगी निघाली तेव्हा

भांडुपच्या आमच्या चाळीत दुपारी बायका पापड लाटायला जमायच्या आणि मी त्यांना वाचून दाखवायचे. वाचणारीने लाटायचं नाही, तिच्या वाटणीचे पापड बाकीच्यांनी लाटून द्यायचे, असा रिवाज होता. संपात गिरणी सुटल्यापासून माझा नवरा जयवंत मिळेल ते काम करत होता. पापड सोडून चालणार नव्हतं.

त्या वर्षी एका साप्ताहिकात हेमांगीची गोष्ट क्रमशः येत होती. हेमांगी सासरी गुदमरलेली, नर्सिंग शिकायला मिरजेला जाऊ बघणारी. तिची सासू तिला भाजीत मीठसुद्धा घालू देत नसे. ते वाचताना मला रडू यायचं, कारण आमच्याकडेही मीठ सासूबाईच घालायच्या. गंमत म्हणजे सासूबाईही पदराने डोळे पुसायच्या. “माजी सासू अशीच होती गे,” म्हणायच्या. मला वाटायचं, चला, हेमांगीसाठी जीव तुटतोय, म्हणजे माझंही कळेल हिला. इतकी मी खुळी.

मला मुलुंडला बालवाडी शिक्षिकेचा वर्ग करायचा होता. प्रवेश शनिवारी बंद होणार होते. जयवंत म्हणाला, “आईला विचार, मी मध्ये पडणार नाही.” नेहमीसारखा सुटला.

गुरुवारी नवा अंक आला. हेमांगी पिशवी घेऊन घराबाहेर पडली, तशी सगळ्यांची लाटणी थांबली. “झकास केलं पोरीने,” शेजारची वनमाला म्हणाली. सासूबाईंनी तर हात जोडले. “जा गे बाय. मागे बघू नको.”

याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी अंक मांडीवर ठेवला आणि वर्गाचं सांगून टाकलं. वर्षभर, रोज दुपारी जावं लागेल म्हणाले.

वनमाला पिठाचा गोळा उगाच मळत बसली. मला तिचा भयंकर राग आला.

“मग वाचतला कोण?” सासूबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच काळजी होती. “आमच्यात दुसऱ्या कोणाक वाचूक येता?”

तेव्हा मला कळलं. इतके दिवस त्यांच्या लेखी हेमांगी म्हणजे त्या स्वतः होत्या. मी त्या गोष्टीत कुठेच नव्हते.

“पुढे वाच,” त्या म्हणाल्या. “ती पोचली काय, ता तरी कळांदे.”

मी वाचलं. हेमांगी मिरजेला पोचली. जिवंत बाईचाही इतका मत्सर मला कधी वाटला नव्हता.