राहिलेलं टिंब

तान सुइयुनला घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघायची खोड होती. दोनदा ओढायचं, वीस पावलं जायचं, परत यायचं आणि तिसऱ्यांदा ओढायचं. नदीकाठच्या अख्ख्या बाइशा घाटाला हे ठाऊक होतं. शेजारी तांदळाच्या शेवया विकणारी जिआंग मावशी म्हणायची, "चोरांनो, या खुशाल! फक्त सुइयुन परत फिरायच्या आत निघा म्हणजे झालं." आता टोफू विकणाऱ्या बाईनं तीन वेळा कुलूप पाहिलं तर कुणाचं काय बिघडतं? पण हीच खोड तिच्या कुंचल्यात उतरली होती, आणि तिथं मात्र त्या खोडीनं तिची सव्वीस वर्षं खाल्ली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी ती ओउयांग मास्तरांच्या दारी टोफू पोचवायला गेली, तेव्हा मास्तर अंगणातल्या फरशीवर पाण्यात बुडवलेल्या झाडूनं लिहीत होते. ती टोपली हातात धरून तशीच उभी राहिली. लिहिलेलं वाळून गेलं तरी उभीच. शेवटी मास्तरच म्हणाले, "टोफू आंबेल बाई." दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा झाडू घेऊन आली.

मास्तर लिहीत त्या लिपीला लोक 'वेडं गवत' म्हणतात. अक्षरातून अक्षर निघतं, ओळीला ओळ ओढत नेते, हात थांबत नाही. बघणाऱ्याला वाटतं, कोंबडीनं उकिरडा उकरलाय. पण त्यातल्या प्रत्येक वळणाला कायदा आहे, आणि सगळ्यात कडक कायदा एकच: मागे फिरायचं नाही. फराटा जाड झाला, वाकडा गेला, शाई संपून नुसते केस कागदावर खरवडले, तरी झालं ते झालं. नंतर हळूच कुंचला टेकवून रेघ नीटनेटकी करणं म्हणजे, मास्तरांच्या शब्दांत, मढ्याच्या गालाला लाली लावणं.

सुइयुन नेमकी तीच लाली लावायची. अख्खा कागद वाऱ्यासारखा लिहायची आणि शेवटी तिला राहवायचं नाही. कुठल्यातरी टिंबाला जरासं टोक लावायचीच. मास्तर कागद बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, "पुन्हा." सव्वीस वर्षांत शाबास नाही, छान नाही. पुन्हा. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पार गेली, तेव्हा तिच्या मनात आलं, देव क्षमा करो, की आता काही दिसायचं नाही. तिनं त्यांच्यासमोर बसून लिहिलं, एका टिंबाला मुंगीच्या पावलानं टोक लावलं आणि श्वास रोखून बसली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. "सातवं टिंब दोनदा वाजलं."

सुइयुनला हवं होतं तरी काय? पैसा नको होता, नावही नको होतं. आपल्या नावाच्या वर 'ओउयांग यांची शिष्या' एवढं लिहायचं होतं. पण ते गुरूच्या तोंडून होकार आल्याशिवाय लिहिता येत नाही. होकाराविना लिहिलं तर ती चोरी, आणि घाटावर चोरी एक वेळ खपते, ही खपत नाही. मास्तर एक्याऐंशीचे झाले होते. गेल्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला होता, आणि त्यांनी अजून तो होकार दिला नव्हता.

तेवढ्यात भिंतीचं निघालं.

होडीच्या धक्क्यावर पूर्वी एक मंडप होता. त्याच्या भिंतीवर मास्तरांनी ऐन तारुण्यात स्वतःची कविता वेड्या गवतात लिहिली होती: चार ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. आठ वर्षांपूर्वीच्या पुरानं मंडप, भिंत, कविता आणि ती ज्यावर उभी होती तो चाळीस पावलं काठसुद्धा नेला. आता नवा मंडप आत सरकवून बांधला, भिंतीला पांढरा चुना झाला, आणि गावाला तीच कविता हवी झाली. मास्तरांनी सांगून टाकलं, "भिंत सुइयुन लिहील."

गावाच्या सांस्कृतिक केंद्राचे पी साहेब उडालेच. "टोफूवाली? अहो मास्तर, तुमचा मान आहेच, पण ते भुतानं ताईतावर ओढलेले फराटे वाचणार कोण? माझ्या मेव्हण्याचं अक्षर बघा, विटा रचल्यासारखं."

"मग त्याला भिंत बांधायला बोलवा," मास्तर म्हणाले.

शेवटी पी साहेबांनी अट घातली. बाईंनी लिहावं, पण लिहून झाल्यावर ते स्वतः मूळ कवितेचा कागद हातात धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहणार. एक जरी चुकलं तर दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना आणि मेव्हण्याच्या विटा. पी साहेबांना ती लिपी वाचता येत होती, हे खरं. तरुणपणी दोन वर्षं त्यांनीही ती गिरवली होती आणि जमली नाही म्हणून सोडली होती. न जमलेल्या गोष्टीवर माणसाचा राग असतोच.

मुहूर्त ठरला नवव्या महिन्यातल्या नवमीचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सणाचा. सकाळी सुइयुननं टोफूचं दुकान बंद केलं, कुलूप दोनदा ओढलं, वीस पावलं गेली, परत आली आणि तिसऱ्यांदा ओढलं. जिआंग मावशीनं कपाळाला हात लावला. "आज तरी, अगं!"

मंडपात हीऽ गर्दी. पाहुण्यांच्या सह्यांसाठी टेबल मांडलेलं, शेवंतीच्या दारूचा बुधला उघडलेला. गवंड्यांची फळी भिंतीच्या कडेनं आडवी ठेवली होती, कारण सुइयुनची उंची बेताची. मास्तरांचं स्टूल भिंतीपासून चार हातांवर. त्यांनी ते फिरवून घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून बसले. कुणीतरी हसलं. "आजोबा, तमाशा मागे आहे!"

"मला कान आहेत ते दोन्हीकडे आहेत," मास्तर म्हणाले.

"ताई, घोटभर घ्या," बुधल्याजवळच्या नावाड्यानं वाटी पुढे केली. "दारूशिवाय वेडं गवत उगवत नाही म्हणतात."

"ज्यांचं उगवत नाही ते म्हणतात," सुइयुन म्हणाली आणि फळीवर चढली.

बकरीच्या केसांचा, मनगटाएवढा कुंचला तिनं शाईच्या घमेल्यात बुडवला, काठावर एकदा निथळू दिला, आणि उजव्या टोकापासून वरून खाली पहिली ओळ सोडली. सोडली असंच म्हणायला हवं. पहिली दोन अक्षरं काळीकुट्ट, ओली, आणि मग पाचव्यापर्यंत एकच दोरी. दुसरी ओळ खांद्यातून आली. ती फळीवर डावीकडे सरकत होती आणि पाय कुठे पडतोय हे तिला माहीत नव्हतं. लोक बोलायचे थांबले.

तिसऱ्या ओळीच्या मध्यात शाई संपली. घमेलं दोन पावलं उजवीकडे राहिलं होतं. नेहमीची सुइयुन थांबली असती, परत गेली असती, भिजवून आली असती. तिनं दात आवळले आणि कोरडा कुंचला तसाच ओढला. केस भिंतीवर खर्रर्र वाजले. काळ्याच्या आत पांढऱ्या चिरा पडल्या, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी चुन्यात विरत गेली. स्टुलावर मास्तरांची पाठ ताठ झाली. सुइयुनला ती दिसली आणि छातीत असा आनंद उसळला की वाटलं आता रडू येईल. तिनं घमेल्याशी जाऊन कुंचला भिजवला, त्याच आनंदात चौथी ओळ घेतली आणि एका दमात खालपर्यंत आली. संपलं.

ती फळीवरून उतरली तशी जिआंग मावशीनं पहिली टाळी दिली आणि मंडप दणाणला.

पी साहेब कागद घेऊन पुढे झाले. बोट हवेत फिरवत एकेक अक्षर वाचू लागले. पहिली ओळ, बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरीपाशी ते जरा थांबले, त्या कोरड्या शेपटीकडे बघत राहिले आणि पुढे गेले. चौथी ओळ होती: माणसं गेली, काठ कायम उभा.

"माणसं गेली," पी साहेब वाचत होते, "काठ... पाणी... उभं?"

सुइयुननं वर पाहिलं. त्यांच्या लिपीत 'कायम' आणि 'पाणी' ही अक्षरं सख्खी भावंडं आहेत. पाण्याच्या डोक्यावर एक टिंब दिलं की कायम होतं. हातात कुंचला धरणाऱ्या पोराला पहिलं अक्षर शिकवतात ते हेच, आणि त्यातली पहिली खूण हेच टिंब. अख्ख्या घाटावर शेंबड्या पोराचं जे चुकत नाही, ते ती विसरली होती.

पी साहेबांनी कागद खाली केला. त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. ते फळीजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, तिसरी ओळ... अशी मी जन्मात पाहिली नव्हती. एक टिंब टाका. कुंचला ओला आहे. मी काही पाहिलं नाही."

कुंचला खरंच ओला होता. एक पाऊल वर, एक टक्. भिंत राहील. मास्तरांची कविता राहील. त्यांच्या आयुष्यात दुसरी भिंत येणार नव्हती. तिचा पाय फळीवर पडलासुद्धा. हात वर निघाला. कुलूप ओढायला निघायचा तसाच, तिला न विचारता. मास्तर पाठ करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, खाकरलेही नाहीत. पण ते ऐकत होते, हे तिला भिंतीइतकं स्पष्ट दिसत होतं.

तिनं हात खाली घेतला. कुंचला घमेल्यात आडवा ठेवला.

"नाही टाकणार," ती मोठ्यानं म्हणाली.

"अहो, मग उद्या चुना मारावा लागेल!"

"मारा. जे राहिलं ते राहिलं. मागून घुसवायचं नाही."

"मेली हट्टी!" जिआंग मावशी गर्दीतून ओरडली. "एका ठिपक्यासाठी सोन्यासारखी भिंत घालवतेस?"

"हो, घालवते." ती पी साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. मोठमोठ्या लोकांच्या जुन्या गुंडाळ्या तुम्ही पाहिल्यात. लिहिता लिहिता अक्षर राहिलं तर ते लोक काय करायचे?"

पी साहेब म्हणाले, "शेवटी बारीक अक्षरात लिहायचे. अमुक अक्षर राहिलं म्हणून."

"मध्ये घुसवायचे?"

"नाही."

"आणि त्या गुंडाळ्या तुम्ही चुन्यात बुडवता का?"

गर्दी हसली. पी साहेबांचे कान लाल झाले. मूळ कवितेचा कागद त्यांनी एकदा उलटा केला, एकदा सुलटा, आणि मग स्वतः चालत जाऊन सह्यांच्या टेबलावरचा बारीक कुंचला आणि दौत आणून तिच्या हातात दिली. "शेवटी लिहिलं म्हणजे ते कवितेत धरतात," ते जरा मोठ्यानंच म्हणाले, बहुतेक मेव्हण्याला ऐकू जावं म्हणून.

सुइयुन भिंतीच्या डाव्या टोकाला उकिडवी बसली आणि लिहू लागली.

"काय लिहितेस?" मास्तरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"चौथ्या ओळीत एक टिंब राहिलं, असं."

"मुद्दाम सोडलंस?"

मुद्दाम म्हटलं असतं तर शहाणपण ठरलं असतं. काठ गेला, पाणी राहिलं, म्हणून सोडलं, असं सांगितलं असतं तर सगळ्या गावानं मान डोलावली असती. तिच्या जिभेवर ते आलंही.

"नाही मास्तर. विसरले."

मास्तर कितीतरी वेळ खोकले. मग म्हणाले, "ज्या काठासाठी मी ते टिंब ठेवलं होतं, तो काठच नदीत गेला. तो कायम नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं." आणि मग, "पुढे काय?"

"पुढे नाव. माझं."

"नुसतं?"

"नुसतंच. दुसरं काय लिहिणार?"

"वा!" म्हातारा स्टुलावरच अर्धा वळला. "टिंबं विसरायला तुला शिकवलं कुणी, ते नको का गावाला कळायला?"

सुइयुनला आधी समजलंच नाही. मग समजलं. जिआंग मावशीनं तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला आणि भोकाड पसरलं. सुइयुन रडली नाही, तिला लिहायचं होतं. तिनं 'ओउयांग' लिहिलं. 'यांची' लिहिलं. 'शिष्या' लिहिताना मात्र सव्वीस वर्षं हातात उतरली आणि शेवटची रेघ नागमोडी गेली, इतकी की पी साहेबांच्या मेव्हण्यालाही दिसावी.

"हात थरथरला," मास्तर म्हणाले.

"थरथरला," ती म्हणाली. बारीक कुंचल्याचं टोक अजून भिंतीपासून बोटभर अंतरावर होतं. ती पुढच्या शब्दाची वाट बघत थांबली. तो तिला पाठ होता.

"राहू दे," मास्तर म्हणाले.