दक्षिण तटाखालून

बस घाटाच्या वळणाला लागली तेव्हा सोलोंगोने चिठ्ठी उघडली, वाचली आणि पुन्हा घडी घातली. शेजारच्या व्हुकाशिनने मान लांब करून ती वाचलीच होती. हा पोरगा बेलग्रेडचा. दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाचायची त्याला कधी लाज वाटली नाही.

"बोंबला!" तो म्हणाला. "बसमध्ये आपण अकरा जण, आणि ही तुलाच निघावी?"

चिठ्ठीत लिहिलं होतं: दक्षिण तट, सन १२८५. तातारांचा हल्ला कसा परतवला ते सांगा.

सोलोंगो मंगोलियातल्या उलानबातरची. आणि हंगेरीतले लोक मंगोलांना पावणेआठशे वर्षं तातार म्हणत आले आहेत. म्हणजे तिच्याच माणसांनी मार कसा खाल्ला, हे तिनेच उभं राहून सांगायचं होतं. तेही हंगेरियनांना, हंगेरियन भाषेत.

मिश्कोल्त्स शहरात भाषा शिकायला आलेल्या परदेशी मुलांची तोंडी परीक्षा दर मे महिन्यात अशीच शोयोमवारच्या किल्ल्यावर होई. ज्याला जी जागा निघेल, त्याने तिथे उभं राहून तिची गोष्ट जमलेल्या लोकांना सांगायची. गुण द्यायची किल्ल्याची राखणदारीण. पाचातले दोन मिळाले की पास. एक मिळाला की शिष्यवृत्ती बंद आणि परतीचं विमान.

"बदलू या," व्हुकाशिन म्हणाला. "माझी विहीर घे. विहिरीत कोणी कोणाला मारलेलं नाही. निदान लिहिलेलं तरी नाही."

"नको."

"अगं, हट्टालाही काही सुमार असतो."

"माझ्या हाताने निघाली ना? मग माझीच."

खरं तर विहीर मिळाली असती तर तिला हवीच होती. पण चिठ्ठी बदलली असती तर आयुष्यभर वाटत राहिलं असतं की आपण तोंड लपवलं, आणि ते तिला परवडणारं नव्हतं.

किल्ल्याच्या पायऱ्या ती झपाझप चढू लागली. मनात धाकधूक असली की तिचे पाय आपोआप वेग घेत. वाटेत खालच्या गावातलं निवृत्तांचं मंडळ दम खात बसलं होतं. परीक्षेचे श्रोते म्हणजे हेच. चौदा म्हातारे-म्हाताऱ्या, पिशव्यांत पोगाचा नावाच्या खाऱ्या वड्या आणि बाटलीत आलुबुखाराची घरची दारू. त्यांतले केलेमेन बाची, म्हणजे केलेमेनकाका, गावचे निवृत्त पोस्टमन. उभ्या गावाला चुकीचं बोलताना पकडायचं काम त्यांनी निवृत्तीनंतर स्वखुशीने अंगावर घेतलं होतं.

"हळू गं पोरी!" ते ओरडले. "मागे तातार लागलाय का?"

आपल्याकडे अशा वेळी वाघ पाठीस लागतो, त्यांच्याकडे तातार. घाई करणाऱ्या कोणालाही लहानपणापासून हेच ऐकवतात. सोलोंगो थांबली आणि वळली. तिचा चेहरा दिसल्यावर केलेमेन बाचींची बायको, एतेल्का नेनी, म्हणजे एतेल्काकाकू, नवऱ्याला कोपराने ढोसायला लागली.

"मागे कुठला, बाची?" सोलोंगो म्हणाली. "तो तर तुमच्या पुढे चाललाय."

अख्खं मंडळ खदाखदा हसलं. बाची तेवढे हसले नाहीत.

वर दरवाजात अरान्का नेनी उभी होती. एकतीस वर्षांची राखणदारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, काखेत जाडजूड वही. स्वतःच्या नाकावर ती एखादी माशी बसूही देईल, किल्ल्याच्या नाकावर कधीच नाही.

"माझा नियम ऐका," ती मुलांना म्हणाली. "किल्ल्याची गोष्ट 'ते' म्हणून सांगायची नाही. त्यांनी बांधलं, ते लढले, असलं मला चालत नाही. तसं पुस्तकात वाचायला मिळतं, त्यासाठी डोंगर कशाला चढायचा? इथे उभं राहून 'मि' म्हणायचं. ज्याच्या तोंडून 'ते' निघेल, त्याला एक."

मराठीत सांगणाऱ्याची इथे जरा पंचाईत होते. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, ते एका शब्दात ठरतं. हंगेरियनांकडे दोन्हींना मिळून हा एकच शब्द, 'मि'. कोण आत आणि कोण बाहेर, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

विहिरीपाशी व्हुकाशिन बिनधास्त म्हणाला, "मग आपण खडकात साठ हात खणत गेलो." बेलग्रेडच्या पोराने शोयोमवारची विहीर खणली, याचं कोणालाच काही वाटलं नाही. त्याला चार मिळाले. हनोईच्या मुलीने भटारखान्यात "आपण" डुकरं भाजली, तिला पाच. सोलोंगो मात्र चिठ्ठीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत होती. 'ते' म्हणावं तर नापास. आणि 'मि' म्हणून तटावर उभं राहावं, तर आपल्याच माणसांच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतावं लागणार. एका शब्दात अशी कोंडी झाली होती.

दक्षिण तटावर वारा होता. मंडळ दगडी बाकांवर टेकलं. नेनीने वही उघडली. सोलोंगो क्षणभर खालच्या उताराकडे पाहत राहिली, आणि तिला काय सांगायचं ते कळलं.

"आम्ही खालून आलो," ती म्हणाली.

नेनीचं पेन थबकलं. एतेल्का नेनीने तोंडातली पोगाचा चावायची थांबवली.

"जरा वाकून बघा. ती काटेरी झुडपं दिसतात ना, तिथे आम्ही उभे होतो. फेब्रुवारी महिना, गुडघाभर बर्फ. त्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधी आमचे आजे इथे येऊन गेले होते. तेव्हा हा तट नव्हता. मातीचा कोट होता आणि त्यावर लाकडाचं कुंपण. सगळं एका दुपारीत पेटलं. आम्ही खालचं गाव जाळलं, माणसं मारली. हे मी गाळणार नाही. गाळलं तर पुढचं सांगायचा मला हक्क नाही."



"आज्यांनी घरी येऊन सांगितलं की तिकडे भिंती मातीच्या आहेत. आम्ही त्यावर विसंबून आलो. सकाळी धुकं निवळलं आणि समोर हे." तिने तटाच्या दगडावर हात ठेवला. "आमच्या लोकांनी चीनचे कोट पाहिले होते, बगदादचा पाहिला होता. पिढ्यानपिढ्या दगड रचत आलेल्या राज्यांचे कोट आम्ही पाडले होते. आणि इथे, परवा-परवा राखेतून उठलेल्या तुम्ही लोकांनी चव्वेचाळीस वर्षांत डोंगराडोंगरावर दगड चढवला होता. ज्यांचे बाप आमच्या आज्यांनी मारले, त्या तुम्ही."

बोलण्याच्या भरात तिचं एक क्रियापद चुकलं. एरवी केलेमेन बाचींनी ते जागच्या जागी दुरुस्त केलं असतं. आज ते टोपी मांडीवर ठेवून बसून होते.

"आठ दिवस आम्ही खाली होतो. घोड्यांना गवत नव्हतं. आम्हाला तर काहीच नव्हतं, आणि वरून तुमच्या पावाचा वास यायचा. दोनदा चढायला बघितलं, दोनदा तुम्ही खाली लोटलंत. नवव्या दिवशी आमच्या सरदाराने घोडा वळवला. आम्ही पळालो नाही. या भिंतीकडे एकदा नीट पाहिलं आणि परत गेलो. भिंत कशी बांधली आहे हे आतल्या माणसाला कळत नाही. ज्याला तिच्यापुढून परत जावं लागतं, त्यालाच कळतं. म्हणून मी सांगते. चांगली बांधली आहे."

तिचे कान तापले होते. तिला अभिमान वाटत होता, आणि तो तिच्या स्वतःच्याच माणसांचा होता. पराभव पुरता सांगून झाल्यावरही तो जागचा हलला नव्हता. उलट आधीपेक्षा ताठ उभा होता.

अरान्का नेनीने पेनाचं टोक तिच्याकडे रोखलं.

"माझा नियम काय होता?"

"'मि' म्हणायचं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"'मि'च म्हणाले, नेनी. एकदाही 'ते' म्हणाले नाही."

नेनीने डोळे बारीक केले. मग उठली, तटाच्या कडेला गेली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या काटेरी झुडपांकडे नीट वाकून पाहिलं.

"लबाड आहेस," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी ही भिंत आतून सांगतेय. घसा फोडून चांगली म्हणतेय. पण घरच्याने केलेल्या कौतुकाला काय किंमत?" आणि तिने वहीत पाच लिहिले. व्हुकाशिनने जोरात शीळ घातली.

मंडळ उठायला लागलं, एवढ्यात केलेमेन बाची टोपी चढवून पुढे आले. आता व्याकरणाची चूक निघणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "त्या आठ दिवसांत वर... आमच्यातलं कोणी दिसलं का? केलेमेन घराण्यातलं? आम्ही पूर्वीपासून इथलेच. पण चर्चची जुनी वही जळली. तीनशे वर्षांपलीकडे नावच सापडत नाही."

कोणी हसलं नाही. बाची थट्टा करत नव्हते. सोलोंगोने त्यांच्याकडे नीट पाहिलं, टोपीबाहेर आलेल्या कानांपासून चिखलाच्या बुटांपर्यंत.

"होता एक," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या बुरुजावर. कान असे बाहेर आलेले. आठही दिवस तोंड मिटलं नाही त्याचं. आम्हाला भाषा कळत नव्हती, पण शिव्या आहेत एवढं कळत होतं. आणि दुसऱ्यांदा चढलो तेव्हा सगळ्यांत शेवटपर्यंत तोच जागेवर उभा होता."

"तोच!" एतेल्का नेनी किंचाळली. "अगं बाई, तोच तो! यांच्याच घरातला!"

आता मात्र सगळे हसले. पोट धरधरून हसले. बाचींनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि छाती पुढे काढून मंडळाकडे वळले.

"ऐकलंत? केलेमेन होता इथे! आपल्यातला कोणी म्हणाला असता तर मीच विश्वास ठेवला नसता. ही समोरच्या पक्षाची साक्ष आहे!" मग नेनीकडे वळून म्हणाले, "अरान्का, हे असं हवेत सोडू नकोस. वहीत लिही."

नेनीने कुरकुर केली नाही. वहीचं कोरं पान काढून ठळक अक्षरांत लिहिलं: सन १२८५, दक्षिण तट, कोपऱ्यातल्या बुरुजावर एक केलेमेन हजर होता. खालून पाहिले. मग वही आणि पेन सोलोंगोपुढे धरलं.

"सही कर," ती म्हणाली. "तूच पाहिलंस ना?"

"हो," सोलोंगो म्हणाली, आणि तिने सही केली.