तक्रार विभागातली भिंत

तिसऱ्या डॉक्टरनेही गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली, तेव्हा तिची सोळा वर्षांची टेनिसची कारकीर्द संपली. पहिल्या दोघांनीही तेच सांगितलं होतं, पण आईला ते फार तरुण वाटले होते.

व्यावसायिक खेळाडू म्हणून ती जगात एकशे सत्त्याऐंशीव्या क्रमांकापर्यंत पोचली होती. जोरकस फटका तिच्याकडे कधीच नव्हता. आलेला प्रत्येक चेंडू परत पाठवायचा आणि समोरची वैतागून चूक करेपर्यंत पाठवत राहायचा, एवढंच तिला यायचं. म्हणून बाकीच्या खेळाडू तिला ‘भिंत’ म्हणायच्या. तिच्या सामन्याला आलेले मोजके प्रेक्षक मधेच उठून चहा पिऊन येत, तरी तीच रॅली चालू असे.

तेहतिसाव्या वर्षी ती आयुष्यात पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीला गेली. कंपनी लिफ्टची देखभाल करणारी. अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात तिने प्रामाणिकपणे एकच शब्द लिहिला होता.

“टेनिस?” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “डबल्स खेळता?”

“खेळलेय की. हौसेपुरतं अजून गुडघ्याला झेपतं.”

“मग रुजू कधी होताय?”

कारण नंतर कळलं. दरवर्षी कंपन्यांची डबल्स स्पर्धा व्हायची आणि सरकते जिने बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आपल्या साहेबांना ओळीने सहा वर्षं हरवत आले होते. जखम ताजी होती.

आता घेतलंच आहे तर कुठेतरी बसवायला हवं, म्हणून तिला तक्रार विभागात बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतलं बटण दाबत आणि फोन तिच्याकडे येई. लोक रडत, ओरडत, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ती शांतपणे ऐकून घेई, मेकॅनिक पाठवी आणि तो पोचेपर्यंत बोलत राही. टेनिसमध्ये दोन गुणांच्या मधे पंचवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात मागचं सगळं विसरायचं असतं. ती फोन ठेवून टॉवेलने तोंड पुसायची आणि पुढचा फोन कोऱ्या मनाने उचलायची. एका आजीबाईंनी तर सुटका झाल्यावर, अर्धवट राहिलेली सुनेची गोष्ट पूर्ण करायला पुन्हा फोन केला.

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना रविवारचा सराव माहीत. कोर्टावर ते प्रत्येक चेंडूला “माझा!” म्हणून ओरडत. तिच्या मागे पडणारा चेंडूही त्यांचाच.

“सर, डावीकडचे मी घेते.”

“अगदी अगदी,” साहेब म्हणत, आणि पुढच्याच क्षणाला तिच्या रॅकेटसमोरून, “माझा!”

तिची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. कप मिळाला नाही तर काय, ही धास्ती तिला होतीच.

“जिंकून टाक म्हणजे कायम करतील,” आई म्हणाली.

“आई, मी तक्रारी चांगल्या ऐकते गं.”

“ते काय काम आहे? तुझ्या बाबांच्या मी तीस वर्षं ऐकल्या. मला केलं कोणी कायम?”

अंतिम सामना शनिवारी पाचला होता, आणि समोर अर्थातच सरकत्या जिन्यांचे साहेब. साडेचारला दोघं ऑफिसच्या चौथ्या मजल्यावरून लिफ्टने निघाले. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्टने हिसका दिला आणि थांबली.

साहेबांनी बटण दाबलं. वर कुठेतरी फोन वाजू लागला.

“उचलत का नाही कोणी?” साहेब ओरडले. “कोणाची खुर्ची आहे ती?”

“माझी, सर.”

साहेबांनी भिंतीची दांडी पकडली आणि डोळे गच्च मिटले. वीस वर्षं लिफ्टच्या धंद्यात काढलेला हा माणूस लिफ्टमध्ये डोळे मिटून उभा राहायचा, हे तिला तेव्हा कळलं. तिने कामावरचा आवाज काढला.

“नमस्कार. आपण एकटे आहात की सोबत कोणी आहे?”

“अहो, तुम्ही आहात ना!”

“छान. मग खाली बसून घ्या. पाय पसरा. मोठा श्वास.”

साहेब मुकाट्याने बसले. वर स्टोअरवाल्या काकांनी एकदाचा फोन उचलला आणि मेकॅनिकला हाक गेली.

“सर, आज हरलो तर मला काढणार?”

“खरं सांगू? घेतलं होतं ते कपासाठीच.”

“आणि आता?”

“आता तुम्ही फक्त बोलत राहा.”

मग तिने आपल्या सगळ्यात मोठ्या विजयाची गोष्ट सांगितली. समोर पहिल्या दहातली खेळाडू, रणरणतं ऊन, ही चार-एकने मागे. हिने चेंडू परत पाठवले. आणखी पाठवले. शेवटी त्या बाईने रॅकेट जाळ्यावर भिरकावली आणि तडक विमानतळ गाठला.

“म्हणजे कंटाळून हरली?” साहेब हसले. लिफ्टमध्ये ते बहुधा पहिल्यांदाच हसत होते.

दार उघडायला पाऊण तास लागला. दोघं धापा टाकत मैदानावर पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. पंधरा मिनिटांत न येणारा संघ बाद, असा नियम होता. पण आईने पंचांना बाकावर बसवून मुलीच्या कात्रणांच्या वह्या दाखवायला घेतल्या होत्या. पंच तिसऱ्या वहीवर होते आणि त्यांना उठायची सोय नव्हती.

“आले? या, या!” पंच एवढ्या आनंदाने धावले, की नियमाची आठवण कोणी काढलीच नाही.

साहेब अजून मनाने लिफ्टमधून बाहेर आले नव्हते. दुसऱ्या सेटमध्ये तर ते जाळ्यापाशी चक्क खाली बसले. एकटीने तिने पन्नास चेंडू परत पाठवले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्यांनी साहेबांना हुरूप आला. ते उठले, “माझा!” म्हणून गरजले आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला.

सामना सहा-दोन, सहा-तीन असा हरले. पूर्वी हरल्यावर ती दोन दिवस जेवायची नाही. आज हसून हसून तिला बाकाचा आधार घ्यावा लागला.

“हरलीस ना?” आईने संशयाने विचारलं.

“हो.”

“मग?”

“मग काय? भूक लागलीय. चल.”

सोमवारी कायम झाल्याचं पत्र मिळालं. शेरा साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता: ‘कठीण प्रसंगी अत्यंत शांत. टेनिसही येतं.’

आईने पत्र दोनदा वाचलं. कायम झाल्याचा आनंद तिने पहिल्या वाचनातच उरकला. “‘टेनिसही येतं’ म्हणजे काय? ‘ही’ कशाला? जगात एकशे सत्त्याऐंशीवी होतीस तू!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. पलीकडून “नमस्कार, बोला,” ऐकू आलं आणि आई बोलली. लेकीने अकरा मिनिटं ऐकून घेतलं, तक्रार रीतसर नोंदवली, फोन ठेवला आणि तोंड पुसून पुढचा उचलला.