फाटलेला हुदहुद

सून लग्न होऊन घरात आली, त्याच आठवड्यात तिने बर्फाचा कप्पा उघडला आणि मटारच्या पिशवीशेजारी कागदात गुंडाळलेलं घुबड पाहिलं. ती ओरडायचीच बाकी राहिली. नवऱ्याने समजूत घातली. बाबा पक्षी मारत नाहीत. कुठे मेलेला सापडला की आणतात, सोलून आत कापूस भरतात आणि जपून ठेवतात. पोरवयात झाडांवर चढून जमवलेली अंडीही त्यांच्या खोलीतल्या कपाटात होती. बाबांनी उभा जन्म लोकांचे केस कापले, पण जीव सगळा त्या कपाटात.

हळूहळू ती सरावली. म्हणजे मटार वेगळ्या कप्प्यात गेले आणि बाबांच्या खोलीत तिने पाऊल टाकलं नाही.

यंदा खिडकीच्या काचेवर आपटून एक तुरेवाला हुदहुद मेला. दुपारी बाबा तो घेऊन टेबलाशी बसले. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली, तर पक्षी कचऱ्याच्या डब्यात आणि बाबा खिडकीशी पाठमोरे उभे.

"हात ऐकत नाहीत आता," ते म्हणाले. "पोटाशी कातडी फाटली."

सून घरीच शिवणकाम करायची. कोटांची अस्तरं, रफू, असली किचकट कामं. फाटलं म्हटल्यावर तिला राहवेना. भांडी घासायचे हातमोजे चढवून तिने पक्षी डब्यातून उचलला आणि उजेडात धरला.

"शिवता येईल," ती म्हणाली.

"तुला चालेल?"

"चालणार नाही. पण तुम्ही सांगत राहा, मी करत राहते."

हातमोज्यांत सुई काही धरता येईना, तेव्हा तिने नाक मुरडून तेही काढले. बाबा शेजारी स्टूल ओढून बसले. टाका ओढू नकोस, पिसं बाजूला सार, कापूस दाबून भरू नकोस, असं हळू आवाजात सांगत राहिले. शेवटची गाठ मारून तिने दोरा तोडला, तेव्हा फाटलेली जागा तिची तिलाच सापडेना. बाबांनी बोटाने तुरा सारखा केला.

मग तिने विचारलं, तुमच्या दारातून दिसतं ते कपाटातलं निळं अंडं कुणाचं?

संध्याकाळी नवरा घरी आला, तर चहाचा पत्ता नाही. सासरे आणि सून बाबांच्या खोलीत कपाटासमोर जमिनीवर बसलेले, सगळे खण उघडे. त्याने दोघांना हाक मारली नाही. गुपचूप तिघांसाठी चहाचं आधण ठेवलं.