बोल्टवरची पिवळी रेघ

बोल्ट काही केल्या फिरेना, तेव्हा इलेक्ट्रिशियनने पान्याच्या दांड्यात हातभर लांबीचा पाइप घातला आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. कर्रकन आवाज झाला. गंजाचा भुगा त्याच्या मनगटावर सांडला.

"ताई, हा बोल्ट गाडी कंपनीतून निघाल्यापासून पहिल्यांदा हलतोय बघा," तो बॉनेटमध्ये डोकं खुपसूनच म्हणाला.

तिने नुसतं "हं" केलं. तिचं लक्ष घराच्या खिडकीकडे होतं. खिडकीत चाकाच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय, आणि सकाळपासून त्याने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला घेतला होता. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, 'हो'. भूक लागली तरी हो, जेवण नको असलं तरी हो. आज तोही नाही, नुसती बडवाबडवी.

"दादांना पटलेलं दिसत नाही," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. या गाडीचं बॉनेट ह्यांनी कधी कुणाला उघडू दिलं नाही. मी दोनदा म्हटलं होतं, दिवे मिणमिणतात, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मोठा बसवून घ्या. दोन्ही वेळा आठवडाभर अबोला."

आता विचारायचा प्रश्नच नव्हता. गाडी तिच्या हातात आली होती. पन्नाशीला ती चालवायला शिकली, गल्ली पोट धरून हसली, आणि आता त्याच गल्लीसमोरून ती हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे रोज लॉन्ड्रीत पोचवत होती. दर मंगळवारी मात्र गठ्ठ्यांना सुट्टी. त्या दिवशी नवऱ्याला शेजारी बसवून तीन तासांवरच्या इस्पितळात न्यायचं, मशीन गाडीच्या बॅटरीवर लावून. मागच्या मंगळवारी अर्ध्या वाटेत दिवे मंदावले, मशीनने शिट्टी वाजवली आणि ते बंद पडलं. त्याचे ओठ निळे पडू लागले. एका अनोळखी गाडीवाल्याने थांबून स्वतःच्या बॅटरीवर मशीन चालवून दिलं, म्हणून माणूस घरी परत आला.

"हा जुना पस्तीस अँपियरचा," इलेक्ट्रिशियन पट्टा सैल करत सांगू लागला. "तुमचं मशीन एकटंच तीस खातं. गाडीने काय उपाशी मरायचं? नव्वदचा बसवतो. आणि बॅटरीपर्यंत नवी जाड वायर टाकतो. जुन्या वायरीवर नव्वदचा बसवला, तर पैलवानाला बाळाचं झबलं घातल्यासारखं होईल. जळेलच ती."

त्याने जुना अल्टरनेटर उचलून ओट्यावर ठेवला. तेलामातीने तो काळाठिक्कर झाला होता. तिने त्याच्याकडे एखाद्या जुन्या वैऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"याने माझा घात केलाय एकदा."

"याने?"

"एकोणीस वर्षं झाली. माझी आई शेवटच्या घटका मोजत होती. सकाळी निरोप आला. हे माल घेऊन गेले होते, फोनवर म्हणाले, दुपारपर्यंत येतो, तयार राहा. मी पिशवी भरून या पायरीवर बसले. दुपार गेली, संध्याकाळ गेली. हे उजाडल्यावर आले. अल्टरनेटर जळाला म्हणे रस्त्यात. गाडी ओढत गॅरेजला नेली, रात्रभर बसून आतली तार नवी गुंडाळून अल्टरनेटर रिवाइंड करून घेतला. कोपरापर्यंत हात काळे."

"आणि आई?"

"पहाटेच गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, माहेरचे म्हणाले."

पुढचं तिने सांगितलं नाही, पण विसरलीही नव्हती. बातमी कळल्यावर नवराच हमसून हमसून रडला होता. काळे हात धुवायला साबण तिने दिला, पाठीवरून हात तिने फिरवला. 'तुमचा काय दोष, गाडीनेच दगा दिला,' असं म्हणून वर त्याची समजूत काढली. त्यानंतर कितीतरी वर्षं गाडीजवळून जाताना ती बॉनेटवर एक चापट ठेवून द्यायची. वड्याचं तेल वांग्यावर. मंगळवारच्या रस्त्यात माहेरचा फाटा लागतो. तो आला की अजूनही ती गिअरवरचा हात काढून नवऱ्याच्या मांडीवर थोपटायची, त्यालाही ते टोचत असेल म्हणून.

इलेक्ट्रिशियनने रॉकेलच्या फडक्याने अल्टरनेटर पुसायला घेतला होता. पुसता पुसता त्याचा हात हळू झाला. त्याने तो उजेडाकडे फिरवला, अंगठ्याने एक जागा घासली.

"रिवाइंड हाच केला होता?"

"हाच. का?"

"ही पिवळी रेघ दिसते? बोल्टवरून खाली बॉडीपर्यंत आलेली. बोल्ट आवळल्यावर कंपनीत हा रंग मारतात. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. चारही बोल्टांवर अख्खी आहे. हा उघडलाच नाही कुणी. फटीतून दिसणारं आतल्या तारांवरचं वॉर्निशसुद्धा मूळचं आहे."

"मग दुसरा आणून बसवला असेल."

ती हे इतक्या घाईने म्हणाली, की त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने बोट ठेवलं. धातूवर महिना आणि वर्ष ठोकलेलं होतं. तिला ते वाचायला चष्मा लागला नाही. गाडीच्या दारावरच्या पत्र्यावर हाच महिना, हेच वर्ष होतं. शिवाय ज्या बोल्टवर सगळा डोलारा टांगलेला, तो आज तिच्यासमोर पहिल्यांदा हलला होता.

"माझं चुकतही असेल, ताई," इलेक्ट्रिशियन पुटपुटला. "जुनी वस्तू आहे."

"तुमचं नाही चुकलं. काम चालू द्या."

बडवण्याचा आवाज थांबला होता. तिने खिडकीकडे पाहिलं. डावा हात मांडीवर पडला होता आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. एकोणीस वर्षं या गाडीने त्याची साक्ष दिली होती. उंदराला मांजर साक्ष. ते हात त्याने कुठे काळे केले असतील? मुद्दाम, रस्त्याच्या कडेला थांबून, नीट कोपरापर्यंत?

नवा अल्टरनेटर बसायला दीड तास लागला. ब्रॅकेटला एक जाड वॉशर घालावा लागला, पट्टा बदलावा लागला. जाड लाल वायर बॅटरीपर्यंत आली. तेवढा वेळ ती पाने देत होती, मागेल तो पाना बरोबर, एकही न चुकता.

"दादांना बसवून एकदा अर्धा तास चालवून बघू," तो म्हणाला. दोघांनी नवऱ्याला उचलून शेजारच्या सीटवर बसवलं. तिने गाडी सुरू केली, मशीन जोडलं, दिवे लावले. इलेक्ट्रिशियनने मीटर टेकवला. "चौदा व्होल्ट. आता खुशाल जा कुठेही." तो हत्यारं आवरायला मागे गेला.

नळीतून हवा येत होती. नवऱ्याची छाती संथ वरखाली होत होती. ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती.

"त्या दिवशी कुठे होता तुम्ही?"

"हो."

"अल्टरनेटर जळाला होता?"

"हो."

"नव्हता जळाला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याच्या डोळ्यांना पाणी तेव्हाही आलंच होतं. ओठ बराच वेळ हलले.

"हो."

तिने साबण दिला होता, ते आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

इलेक्ट्रिशियन गाडीच्या खिडकीपाशी आला. "ताई, जुना मी घेऊन जाऊ? चांगला आहे, अजून वीस वर्षं मरायचा नाही."

"नको. द्या इकडे."

तिने खाली उतरून तो दोन्ही हातांनी घेतला, वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि नवऱ्याच्या पायांशी नीट, पिवळी रेघ वर येईल असा ठेवला.

"गाडीतच राहू दे," ती म्हणाली. "मंगळवारी लांब जायचंय. ह्यांना रस्त्यात अडकायची सवय आहे."

नवऱ्याने डावा पाय ओढून घेतला. उजवा तिथेच राहिला, त्याला टेकून.