दही लागू न देणारा अंगारा

गुरुवारी सकाळी आठलाच मठासमोर मोटारसायकलींची रांग लागे. ज्याच्या त्याच्या हातात कोंबड्यांना पाणी पाजायचं प्लास्टिकचं भांडं. तीर्थपुरीच्या आसपास ज्याच्या शेडमध्ये नवी पिल्लं उतरत, तो हे भांडं घेऊन राधेश्याम महाराजांकडे येई, महाराज त्यात अंगाऱ्याची पुडी सोडत, आणि त्या शेडमधली पिल्लांची मर थांबे. खरोखर थांबे. थोतांड टिकायचं तर त्यात काहीतरी खरं असावं लागतं, आणि इथं ते होतं.

महाराज माळकरी. जन्मात अंडंही खाल्लेलं नाही, पण कापायला निघालेल्या हजारो कोंबड्यांना आशीर्वाद द्यायला त्यांची हरकत नव्हती.

"शहरात कोंबडीला हार्मोनचं इंजेक्शन टोचून राह्यले," ते माईकवरून सांगत. "ती खाऊन पोरींना मिशा फुटायल्या. आपली कोंबडी मंत्राची. सुई न्हाई, औषध न्हाई, निस्ता अंगारा. अन् जे पिल्लाला चालतं, ते लेकराला बी चालतं."

हे शेवटचं वाक्य बायका पदरात बांधून घरी नेत. द्वारकाबाईंनीही नेलं. त्यांचा मुलगा कल्याण याची पाच हजार पिल्लांची शेड होती. पावसाळ्यात तिथं रोज दोन-दोनशे पिल्लं मरत होती, ती पुडीनं तीन दिवसांत थांबली. त्यानंतर द्वारकाबाईंचा हात आवरेना. चिमूटभर अंगारा नातीच्या, चार वर्षांच्या शिवकन्येच्या, सकाळच्या दुधात. चिमूटभर चुलीवर, पिठाच्या डब्यात, आणि रात्री विरजणाच्या पातेल्यात, घरात बरकत राहावी म्हणून.

सून वंदना काही भोळी नव्हती. बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली. पण मेलेली पिल्लं तिनंही पोत्यांत भरली होती, आणि ती मर थांबलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा तीही गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा राग तिला पुढं जन्मभर पुरणार होता.

त्याच दिवसांत घरातलं दही लागेनासं झालं. द्वारकाबाईंनी तीन घरांतून विरजण आणून पाहिलं. शेजारची बेबीनंदा हसायची, "तुमची म्हैस रुसली का काय?" तिच्या घरी मात्र दही सुरीनं कापावं असं लागे. तिच्याकडे ना शेड, ना अंगारा. द्वारकाबाईंनी ही तक्रार महाराजांपुढं मांडली. घराला नजर लागली आहे, असं सांगून महाराजांनी मोठी पुडी दिली.

माघात शिवकन्येला लघवीला जळजळ सुरू झाली आणि मग थंडी वाजून ताप. द्वारकाबाईंनी अंगारा दुप्पट केला. चौथ्या दिवशी पोरगी डोळे उघडेना, तेव्हा वंदनेनं सासूला न विचारता तिला उचललं आणि कल्याणला घेऊन जालन्याचा दवाखाना गाठला.

"आधी कितीदा अँटिबायोटिक दिलंय हिला?" डॉक्टर मुकुल यांनी विचारलं.

"एकदा बी न्हाई," कल्याण म्हणाला.

"मग हे कसं?" डॉक्टरांनी लघवीच्या तपासणीचा कागद पुढं केला. "नेहमीची औषधं या जंतूंना लागूच पडत नाहीत. रोज थोडं थोडं औषध खाऊन निगरगट्ट झाल्यासारखे आहेत. एक औषध उरलंय. त्यानं पोरगी वाचेल, पण कान जाऊ शकतात. विचार करायला वेळ नाही, सही करा."

वंदनेनं सही केली.

दुसऱ्या दिवशी पोरीचे कपडे घ्यायला ती दोन तासांसाठी घरी आली. ओट्यावर परवाचं विरजण तसंच होतं. पातळ, पांढरं, आणि दोन दिवस होऊनही आंबूस वास नाही. ती पातेलं फेकायला उठली आणि जागीच थांबली. गेल्या वर्षी म्हशीची कास सुजली होती, जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती, आणि नंतर चार दिवस तिच्या दुधाचं दही लागलं नव्हतं. तेव्हा त्यांनीच समजावलं होतं की दही हे जंतूंचं काम, औषध दुधात उतरलं की ते जंतू मरतात.

पण यंदा म्हशीला कुणी सुई टोचली नव्हती. दुधात पडला होता तो फक्त अंगारा. वंदनेनं देवळीतल्या सगळ्या पुड्या पिशवीत घातल्या.

डॉक्टरांनी त्या तपासणीला धाडल्या. आठवड्यानं अहवाल आला. राख, आणि तिच्यात कोंबड्यांना देतात ती दोन अँटिबायोटिक्स.

"पन आम्ही हार्मोनचं इंजेक्शन कधीच दिलं न्हाई," कल्याण पुन्हा पुन्हा म्हणत होता, जणू तेवढ्यानं सुटका होणार होती.

"कुणीच देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पाच हजार कोंबड्यांना रोज टोचत कोण बसणार? कोंबडी फुगते जातीमुळं आणि खाद्यामुळं. नसलेल्या सुईला तुम्ही घाबरलात, आणि असलेलं औषध रोज पोरीला पाजलंत. कच्चे जंतू त्यानं मेले, पक्के उरले. आता तेच वाढतायत, शेडमध्येही आणि पोटातही."

शिवकन्या वाचली आणि घरी आली. पुढच्या गुरुवारी वंदना तिला कडेवर घेऊन मठात गेली. सोबत बेबीनंदा, तिच्या हातात कोमट दुधाची कळशी, विरजण आणि तीन पातेली. वंदनेनं तिन्हींत सारखं दूध ओतलं, सारखं विरजण लावलं. एक तसंच ठेवलं. दुसऱ्यात घरच्या चुलीतली चिमूटभर राख टाकली. तिसरं महाराजांपुढं धरलं.

"लेकराची इडापिडा टळू द्या, महाराज. तुमच्या हातानं अंगारा टाका."

महाराजांनी प्रसन्न होऊन मूठ सोडली. तिन्ही पातेली पायरीवर उन्हाच्या कडेला राहिली. दुपारी चारला वंदनेनं सगळ्यांना जवळ बोलावून झाकणं काढली. पहिल्यात घट्ट दही होतं. राखेचंही लागलं होतं, जरा करडं. तिसऱ्यात दूध डुचमळत होतं.

महाराज अडले नाहीत. त्या माणसाची जीभ कधी अडलीच नव्हती. "बघा अंगाऱ्याची ताकद," ते माईकमध्ये म्हणाले. "दुधातला विकार जळून गेला."

"बराबर," वंदना म्हणाली. "मारलंच अंगाऱ्यानं. दही लावणारे जंतू मारले. राखेनं मरत न्हाईत, हे दुसऱ्या पातेल्यात दिसून राह्यलं. मंग तुमच्या राखेत काय हाय?" आणि तिनं अहवाल वाचून दाखवला, औषधांची नावं मात्र तिनं वाचली नाहीत.

महाराजांनी कुणा दुष्ट शक्तीचा उल्लेख केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लोक चिडले. दोघांनी दारावर लाथा घातल्या. वंदनेला वाटलं, समजलं यांना.

तेवढ्यात रामराव पुढं आले. तीन शेडचे मालक, गावात शब्दाला मान. त्यांनी मोबाईल काढला होता.

"वैनी, त्या औषधाची नावं सांगा बरं. मंग महाराज कशाला मधी? दुकानातूनच आणू."

मागच्या चार-पाच जणांनीही मोबाईल काढले. मर थांबत होती ना, मग झालं. एक बुवा गेला, आणि त्याची पुडी मात्र सगळ्यांना हवीच होती.

"नावं सांगते," ती म्हणाली. तिनं शिवकन्येला खाली ठेवलं. पोरगी पाठमोरी बसून खडे वेचू लागली. "आधी हिला हाक मारा, रामरावभाऊ."

"शिवकन्ये," रामराव म्हणाले. मग मोठ्यानं. मग बेबीनंदानं माईक उचलून त्यांच्या तोंडापुढं धरला. भोंग्यातून निघालेल्या हाकेनं झाडावरची पाखरं उडाली. पोरगी खडे वेचत राहिली.

"दवाखान्यातल्या औषधानं कान गेले हिचे. रोजच्या पुडीनं पोटातले जंतू निगरगट्ट झाले, दुसरं कोणतंच लागू पडंना म्हनून ते द्यावं लागलं. उद्या तुमच्या घरचं लेकरू आजारी पडंल, तवा कदाचित ते बी लागू पडनार न्हाई. पिल्लं आजारी पडली तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. तो सांगंल तेच, तेवढेच दिवस द्या, अन् औषध थांबवल्यावर तो म्हनंल तितके दिवस कोंबडी विकू नका. शेड साफ ठेवा. लेकराला दवाखान्यात न्या. अन् कुनी बी काही हातावर ठिवलं, बाबा असो का दुकानदार, तर ह्यात काय हाय हे विचारा. मी विचारलं न्हाई. मला बारावीपर्यंत शिकवलं होतं, तरी न्हाई विचारलं."

तिनं अहवाल रामरावांपुढं धरला, नावं दिसतील असा. "घ्या आता लिहून."

रामराव कागदाकडे पाहत राहिले, मग पोरीकडे. थोड्या वेळानं त्यांनी मोबाईल खिशात घातला. त्याआधी त्यांनी कागदाचा फोटो काढला की नाही, हे वंदनेला गर्दीत दिसलं नाही.