नाकारलेली रजा

मन्सूर मिस्त्री उभ्या जन्मात बायकोशी एकच खोटं बोलला होता, पण ते इतकं दणकट निघालं की नोकरीभर पुरलं. "साहेब सुट्टी देत नाही," एवढंच ते खोटं.

खरं म्हणजे लोहाऱ्याच्या जिनिंग कारखान्यातल्या यंत्रांवर त्याचा भारी जीव. हंगामात कापूस, हंगाम सरला की दुरुस्ती. रजा त्यानं कधी मागितलीच नाही. मेव्हण्याचं लग्न असो की पोरांचा ताप, मॅनेजर अश्वजित साहेबांच्या नावावर बिल फाडायचं आणि मोकळं व्हायचं. सासू पुसदला अंथरुणाला खिळली तेव्हाही हुस्नाबी एकटीच गेली. जावई मातीला तेवढा पोचला.

हुस्नाबी तशी मोठ्या मनाची, पण या साहेबावर तिनं दात धरला होता. ईदला घरी आलेल्या सगळ्यांना शीरखुर्मा आणि त्याला नुसता कोरा चहा. अश्वजित देवमाणूस. आपल्याला शुगर आहे हे भाभींना कळलं असावं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

पुढं कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं. गाड्या येईनात, मालकानं जिनिंगला कुलूप लावलं आणि मन्सूरला हिशेबासाठी बोलावणं आलं. "त्या मानसाकडे तुमी एकटे जाऊ नका," म्हणत हुस्नाबी बुरखा चढवून निघालीच.

अश्वजितनं दोघांना बसवलं. "मन्सूरभाई, नोकरी गेली तरी शिल्लक रजेचा पगार बुडत नाही. तो हक्क आहे तुमचा, कोणाची मेहरबानी नाही. पण रजा लय जुनी असन, तर मागूनही नाकारली असली तरच तिचे पैसे भेटतात. आन् तुमी तर कधी..."

"दरसाली मागत होते हे!" हुस्नाबी उसळली. "तुमीच नाही म्हनत होते. माही अम्मी मरून राह्यली होती, तवा बी तुमी सोडलं नाही यायले."

अश्वजित मन्सूरकडे बघत राहिला. मन्सूर पायाच्या अंगठ्याकडे. त्या एका नजरेत साहेबाला सगळं समजलं, कोऱ्या चहासकट. त्यानं निमूट कागद ओढला.

"बरोबर हाय भाभी. मीच नाही म्हटलं असन. तसं लिहून देतो, सारेच पैसे भेटतीन."

आता मन्सूरनं फक्त गप्प बसायचं होतं. बसला असता तर पुढं कित्येक महिने चूल पेटती राहिली असती आणि घरात अब्रूही राहिली असती. पण दुसऱ्याचं पाप मान खाली घालून स्वतःच्या नावावर लिहिणारा तो माणूस त्याला बघवेना.

"लिहू नका साहेब," तो म्हणाला. "मी कधीच नाही मागतली. हे तुमाले नाही, हिले सांगून राह्यलो."

हुस्नाबीनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, अश्वजितपुढं हात जोडले, "माफ करा, भाऊ," म्हणाली आणि बाहेर पडली.

रस्त्यावर ती पुढं, हा मागं. चौकात रिक्षाची वाट बघताना त्याला राहवेना. "शिव्या दे, पन बोल."

"काहून नाही सांगतलं?" तिचा आवाज फुटला. "मशिनी सोडवत नाही म्हटलं असतं, तर रागावली असती मी. दोन दिवस रागावली असती! तुमचा जीव कायच्यात हाय ते मले मालूम नव्हतं काय? अम्मी जातानी पुसे, जावई काहून नाही आला. मी म्हटलं, साहेब सोडत नाही. तिनं मरता मरता त्या भल्या मानसाले बद्दुआ देल्ली. आता ते कोन वापस घेईन?"

मन्सूरचे डोळे भरून आले, आणि भर चौकात त्यानं ते पुसले नाहीत.

"मी जातो पुसदले," तो म्हणाला. "अम्मीच्या कबरीपाशी बसतो. माह्या तोंडानं सांगतो तिले, कोन खोटं बोललं ते."

रिक्षा येऊन थांबली. हुस्नाबी आत बसली. मग सरकून त्याच्यापुरती जागा केली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "घरी नोको नेऊ भाऊ. बस स्टँडवर घे."